जेलरसाहेबांची सुटका

जेलरसाहेबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रोज संध्याकाळी पावणेसहाला ते घराची बंदी करत. बंदी म्हणजे दिवस मावळायच्या आत कैद्यांना मोजून बराकीत घालणं आणि कुलूप ठोकणं. घरात कैदी नव्हते, पण कुलपं भरपूर होती. मागचं दार, गच्चीचं दार, औषधांचं कपाट, टपालाची पेटी आणि जिन्याखालची सायकल, जिची दोन्ही चाकं केव्हाच गेली होती. प्रत्येक कुलूप लावल्यावर साहेब ते दोनदा ओढून बघत. मग हॉलच्या मधोमध उभं राहून गिनती करत. आपण स्वतः, बायको, मुलगा, सून. चार भरले की "ठीक" म्हणत आणि चहा मागत. त्या वेळी घरात कोणी पाहुणा असला तर तो पाचवा निघे, आणि त्याचं काय करायचं हे ठरेपर्यंत कोणालाच चहा मिळत नसे.

हॉलच्या भिंतीवर एकच चौकट होती. निरोपाच्या दिवशी खात्याने दिलेलं मानपत्र. त्यात गौरवाची बरीच वाक्यं होती, पण साहेबांना त्यातलं एकच पाठ होतं: 'चौतीस वर्षांच्या सेवेत एकही पलायन नाही.' या मानपत्राला जागा करून देण्यासाठी लग्नाचा फोटो आतल्या बोळात गेला होता. तिथे उजेड कमी, पण फोटोतल्या माणसांची त्याबद्दल तक्रार नाही, असं साहेब सांगत. फोटोत दोन माणसं होती. साहेबांनी एकालाच विचारलं होतं.

अशा माणसाच्या घरात, त्याच मानपत्राखाली बसून, गेली दोन वर्षं तुरुंगातून पळून जायचा खेळ चालला होता. साहेबांना पत्ता नव्हता, कारण शनिवार-रविवारी दुपारी ते निवृत्तांच्या संघात जात. तिथे प्रलंबित विषयांवर चर्चा होई आणि विषय प्रलंबितच ठेवून सगळे घरी जात.

खेळ सूनबाईचा. सूनबाई दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांना "थोडंसं जाणवेल हं" असं गोड आवाजात सांगायची आणि मग बरंच काही जाणवून द्यायची. शनिवार-रविवारी तिला दुसरी कामं असत. एक ओसाड तुरुंग, त्यात मेलेले कैदी झॉम्बी होऊन पुन्हा उठलेले, आणि त्यांच्या तावडीतून जगून-वाचून निघायचे चार जण. हे चार म्हणजे खेळणारे. या तुरुंगात ठरलेले पराक्रम केले की पडद्यावर सोनेरी चषक वाजत-गाजत येई. एकूण चषक चाळीस. त्यांतले एकोणचाळीस सूनबाईच्या नावावर होते. नुसत्या कुऱ्हाडीने शंभर मारल्याचा होता, धुलाईखाना एकही गोळी न झाडता पार केल्याचा होता, तुरुंगाच्या भटारखान्यात झॉम्बी भाजल्याचाही होता. राहिला होता एकच. त्याचं नाव 'चौघे बाहेर'. एका तासाच्या आत चौघांनी मुख्य दरवाजातून बाहेर पडायचं आणि वाटेत एकानेही, एकदाही कोसळायचं नाही. कोसळलेल्याला हात देऊन उठवता येतं, पण चषक गेला तो गेला.

चौघांत सूनबाईचा धाकटा भाऊ होता. तो मालवाहू जहाजावर विजेची कामं करायचा आणि सुटीवर आला की शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या खोलीतून, कानाला यंत्र लावून खेळात सामील व्हायचा. घरात त्याला सगळे बोटवाला म्हणत. तिसऱ्या सासूबाई. त्यांनी तीस वर्षं टपालखात्यात पत्रांची छाननी केली होती. दोन्ही हातांनी, न बघता, पाकीट बरोबर आपापल्या खणात. दोन वर्षांपूर्वी दारावरची घंटा वाजली म्हणून सूनबाईने खेळाचं बटणयंत्र त्यांच्या हातात दिलं, ते त्यांनी अजून परत केलेलं नव्हतं. चौथे चिरंजीव, म्हणजे सूनबाईचा नवरा. तो पहिल्या चार मिनिटांत कोसळत असे. मागच्या मंगळवारी तो पडदा लावताना स्टुलावरूनही कोसळला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. चौथा माणूस संपला.

आणि बोटवाल्याला सोमवारी सकाळी जहाजावर रुजू व्हायचं होतं. नऊ महिने. महिनाअखेरीला कंपनी हा तुरुंगच खेळातून काढून टाकणार होती. म्हणजे बहीण-भावाच्या दोन वर्षांच्या खटपटीला आता एक शनिवार आणि एक रविवार उरला होता.

शुक्रवारी जेवताना सूनबाईने विषय काढला. "बाबा, उद्या दुपारी चारला वेळ आहे?"

"माझे दात दुखत नाहीत."

"दातांचं नाही. एका तुरुंगाचं काम आहे."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. नऊ वर्षांत हे वाक्य त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. "कसलं काम?"

"चार जणांना आतून बाहेर काढायचंय."

"सुटकेचे हुकूम आलेत?"

"हुकूम कसले, बाबा. पळून जायचंय."

चिरंजीवांनी घास तसाच ठेवून मानपत्राकडे बघितलं. सासूबाईंनी भाजी वाढली, कोणी मागितली नसताना.

"अहो, खेळ आहे तो," त्या म्हणाल्या.

"तुला काय ठाऊक?"

"अकरा हजार मारलेत मी आजवर."

एक्केचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडे साहेबांनी नीट बघून घेतलं. मग त्यांनी पुन्हा चमचा उचलला. "पाहणीला येतो," ते म्हणाले. "बाकी काही कबूल केलेलं नाही."

शनिवारी चार वाजता सासू-सून टीव्हीसमोर बसल्या. पडद्याचे दोन भाग केले होते, एक हिचा एक तिचा. साहेबांसाठी चिरंजीवांचा लॅपटॉप टेबलावर मांडला होता आणि चिरंजीव स्वतः शेजारी, कोणती कळ कशाची हे सांगायला. बोटवाल्याचा आवाज टीव्हीतून येत होता.

"नमस्कार काका. मजबूत हत्यार घ्या. डाव्या कोपऱ्यात कुऱ्हाड आहे."

साहेबांनी कुऱ्हाड घेतली नाही. भिंतीवर किल्ल्यांचं जुडगं टांगलेलं दिसलं, ते घेतलं.

"काका, किल्ल्यांनी मारता येत नाही."

"मारायचंय कोणाला?"

तेवढ्यात बोळाच्या टोकाला पहिला झॉम्बी दिसला. अंगात कैद्याचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, एक हात नाही, जबडा लोंबतोय. सूनबाई म्हणाली, "बाबा, मारा."

"कैद्यावर हात उचलायचा नाही. नियम आहे."

"तो मेलाय, बाबा."

"डॉक्टरांचा दाखला?"

"मी डॉक्टर आहे."

"दातांची."

या कायदेशीर चर्चेत झॉम्बीने भाग घेतला नाही. त्याने साहेबांना खाल्लं. एक मिनिट दहा सेकंद. चिरंजीवांचा चार मिनिटांचा विक्रम घरातल्या घरातच मोडला गेला, आणि चिरंजीवांच्या चेहऱ्यावर मंगळवारपासून पहिल्यांदा समाधान दिसलं.

दुसऱ्या डावाआधी तडजोड झाली. साहेब कोणाला मारणार नाहीत. मारायचं काम बाकीच्या तिघांचं. साहेबांनी दारं बघायची. या तुरुंगात दारं लावताही येतात हे सूनबाईला माहीत होतं, पण दोन वर्षांत कोणी एकही लावलं नव्हतं. तासाभरात पळायचं असताना दारं लावत कोण बसेल. साहेब बसले. प्रत्येक दारातून सगळे पुढे गेले की मागे वळायचं, किल्ली फिरवायची, दोनदा ओढून बघायचं आणि मग म्हणायचं, "गिनती."

"एक," सूनबाई म्हणे.

"दोन," बोटवाला.

"तीन," सासूबाई.

"चार, मी. ठीक. पुढे."

पहिल्या तीन दारांना बोटवाला कुरकुरला. चौथ्या दारापर्यंत त्याच्या लक्षात आलं की मागून कोणी येतच नाहीये. दोन वर्षं ते पळत होते आणि मागून झुंड येत होती. आता ते चालत होते आणि झुंड चार कुलपांच्या पलीकडे दार बडवत बसली होती. धुलाईखान्याच्या बोळात एकदा साहेबांनी पडद्यावरची माणसं मोजली आणि म्हणाले, "थांबा. पाच भरतात."

"चारच आहोत, बाबा."

"पाच आहेत. शेवटचा हजेरी देत नाही."

सासूबाईंनी मान न वळवता मागे एक गोळी झाडली. "आता मोजा."

"चार. ठीक."

पावणेसहाला दहा मिनिटं कमी असताना ते मुख्य दरवाजापाशी आले. इथे सूनबाईचा आवाज जरा बारीक झाला. इथवर ते पूर्वीही कैक वेळा आले होते. मुख्य दरवाजा म्हणजे दोन दरवाजे असतात, आतला आणि बाहेरचा, मधे खोलीएवढी मोकळी जागा. ते दरवेळी दोन्ही उघडून जीव घेऊन धावत आणि दरवेळी शेवटच्या पंधरा पावलांत अंगणातून आलेली झुंड कोणाला तरी धरे.

"दोन्ही दरवाजे एकदम?" साहेबांनी विचारलं. असा चेहरा त्यांनी यापूर्वी एकदाच केला होता, कोणीतरी तुरुंगाच्या वार्षिक तपासणीला चपला घालून आलं होतं तेव्हा. "आतला लागल्याशिवाय बाहेरचा उघडायचा नाही. जगात कुठेही नाही. चला, मधे व्हा तिघं."

तिघं मधल्या जागेत गेले. अंगणातून झुंड येताना दिसली. साहेबांनी आतला दरवाजा ओढला, किल्ली फिरवली. झुंड पलीकडे आदळली. बाहेरचा दरवाजा खटका ओढताच उघडला, तिघं उजेडात आले, अंगावर ओरखडा नाही. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सूनबाई उभी राहिली. चषकाची वाट बघू लागली.

चषक आला नाही.

"काका," बोटवाल्याचा आवाज आला. "तुम्ही कुठे आहात?"

साहेब आत होते. आतल्या दरवाजाच्या आतल्या बाजूला, अटेन्शनमध्ये, झुंडीच्या पुढ्यात.

"गेट लावायला कोणीतरी आत लागतंच," ते म्हणाले. "चौतीस वर्षांची सवय. हात आपोआप फिरला." आणि त्यांना खाल्लं.

सूनबाईने "असू दे बाबा, उद्या आहे की," असं म्हटलं, दाढ काढताना अर्धी आत राहिली तर म्हणायची त्या आवाजात. साहेबांनी उठून घराची बंदी केली. त्या दिवशी सायकलीचं कुलूप त्यांनी चार वेळा ओढलं.

चहा झाल्यावर सासूबाई मटार सोलायला बसल्या आणि त्यांनी साहेबांपुढेही एक ढीग सारला.

"सवय म्हणे," त्या म्हणाल्या.

"मग काय."

"सवयीने कुलूप लावता तेव्हा तुम्ही दोनदा ओढता. दिवसभर ओढत होतात. त्या शेवटच्याला एकदाही ओढलं नाहीत."

साहेबांनी एक शेंग सोलली, दाणे मोजले आणि भांड्यात टाकले. "झोपेत तरी तुझ्या नजरेतून काही सुटतं का गं?"

"सांगा."

"मुद्दाम नाही केलं. पण वाईटही नाही वाटलं." त्यांनी आणखी एक शेंग घेतली. "मला नाही जमायचं पळून जाणं. खेळात झालं तरी. हसशील, पण माझ्याजवळ दुसरं काही नाही. लोकांची नावं इमारतींना देतात. माझ्या नावावर तेवढं एक वाक्य आहे."

त्या हसल्या नाहीत.

"एकजण होता," साहेब पुढे म्हणाले. "शिक्षा संपली, हुकूम आलेला नाही. दोन दिवस गेटपाशी सामान बांधून बसला होता. त्याचा काही गुन्हा नव्हता आता. माझाही नव्हता. मी त्याला माझी खुर्ची दिली बसायला. दरवाजा नाही देता आला."

"लांब पाकिटं यायची ती, हुकुमांची. खाकी, कोपऱ्यावर लाल रेघ."

"तुला काय माहीत?"

"तुरुंगाची थैली मीच भरायचे की. ती पाकिटं सगळ्यांत वर टाकायचे. आधी उघडली जावीत म्हणून."

"तसं नियमात नव्हतं."

"नव्हतं."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही चौकशी लावली असतीत." त्यांनी सालं गोळा केली. "हुकूम आला तर सोडाल ना माणसाला?"

"हुकूम आल्यावर अडवायची माझी काय टाप आहे?" साहेब म्हणाले.

रविवारी साडेतीनला टपालाची पेटी वाजली. साहेबांनी उठून कुलूप काढलं. आत लांब खाकी पाकीट होतं आणि कोपऱ्यावर लाल रेघ, लिपस्टिकने ओढलेली. आत चार कागद. 'सदर इसमाची शिक्षा पूर्ण झाल्याने त्यास आज रोजी मुक्त करावे.' जावक क्रमांक होता, तारीख होती. खाली सूनबाईच्या दवाखान्याचा गोल शिक्का, त्यात एक हसरी दाढ. आणि सही.

साहेबांनी चष्मा पुसून सही बघितली. ती डाव्या हाताने केलेली दिसत होती आणि एकही अक्षर लागत नव्हतं.

"सही खरी आहे," ते म्हणाले. "वरिष्ठांची अशीच असते."

प्लास्टरवाले वरिष्ठ सोफ्यावर बिस्कीट खात होते. त्यांनी नम्रपणे खिडकीबाहेर बघितलं.

पहिला कागद बोटवाल्याचा, दुसरा सूनबाईचा, तिसरा सासूबाईंचा. चौथ्यावर साहेबांचं स्वतःचं नाव होतं.

"हा चुकीचा आलाय. मी कैदी नाही."

"मग काल आत कोण राहिलं होतं?" सासूबाईंनी विचारलं. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून टीव्ही लावत होत्या.

साहेबांनी चौथा कागद घडी करून खिशात टाकला, बाकीचे तीन लॅपटॉपशेजारी ओळीत मांडले आणि बसले. तिसरा डाव मांडला तेव्हा त्यांनी विचारलं, "वेळ?"

"चार वाजून पन्नास मिनिटं," चिरंजीव म्हणाला. मधल्या काळात दोन डाव फुकट गेले होते, एकदा बोटवाल्याच्या खोलीतली वीज गेली आणि एकदा सूनबाईच्या रोग्याचा फोन आला. म्हणजे हाच शेवटचा. सातला बोटवाल्याला निघायचं होतं, रात्रीची गाडी पकडून बंदरावर.

"ताई," बोटवाला म्हणाला, "नाही झालं तर नाही झालं हं."

"गप्प बस. तोंड उघडू नकोस," सूनबाई म्हणाली. तिच्या धंद्यात हे वाक्य ती पहिल्यांदाच वापरत असावी.

डाव सुरू झाला. दार, किल्ली, दोनदा ओढणं, गिनती. बराकी गेल्या, भटारखाना गेला. धुलाईखान्यात सूनबाईच्या दंडाला एकाने धरलं. "थोडंसं जाणवेल हं," तिने त्याला सांगितलं. जिन्यावर बोटवाला पाय घसरून पडता पडता राहिला आणि घरातल्या चौघांनी आपापले पाय आखडून घेतले. पावणेसहा वाजले, घराच्या बंदीची वेळ. साहेबांची मान घड्याळाकडे वळली, परत आली आणि त्यांनी अकरावं दार लावलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मागचं दार त्या वेळेला उघडं राहिलं. वाऱ्याने ते थोडं वाजलंही. कोणी उठलं नाही.

मुख्य दरवाजापाशी आले तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक मिनिट पन्नास सेकंद उरले होते.

"मधे व्हा."

तिघं मधे गेले. अंगणातून झुंड निघाली. साहेब आतल्या दरवाजात उभे होते, एक पाऊल इकडे, एक तिकडे. साहेबांनी खिशावर हात ठेवला, कागद आहे का बघितलं आणि मधल्या जागेत आले. दरवाजा ओढला. किल्ली फिरवली. मग एकदा ओढून बघितलं. मग दुसऱ्यांदा.

सासूबाईंनी हळूच सुस्कारा सोडला. दोनदा ओढलं म्हणजे माणूस ठिकाणावर होता.

"आता बाहेरचा, काका, पटकन," बोटवाला म्हणाला. पलीकडून झुंड दरवाजा बडवत होती आणि बिजागऱ्या हलायला लागल्या होत्या.

"हुकूम वाचल्याशिवाय नाही," साहेब खटक्याच्या आड उभं राहून म्हणाले. "आणि ओळख पटवल्याशिवाय नाही. उद्या भलताच सुटला तर?"

"बाबा, सव्वा मिनिट," चिरंजीव म्हणाला.

"नाव-गाव सोडून देतो. ओळखखूण पुरे. पहिला."

"उजव्या कोपरावर भाजल्याचा डाग," बोटवाला घाईने म्हणाला. "जहाजाच्या इंजिनाचा."

साहेबांनी कागद बघितला. सासूबाईंनी पाकीट भरताना सगळं नीट लिहवून घेतलं होतं. "जुळतंय. दुसरा."

"हनुवटीवर तीळ. बाबा, रोज बघता तुम्ही."

"रोज बघणं आणि पडताळणं वेगळं. जुळतंय. तिसरा."

"एक्केचाळीस वर्षं झाली," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."

साहेबांनी कागद वाचला नाही. "डाव्या अंगठ्याला घट्टा. शिक्के मारून पडलेला." आणि त्यांनी बाहेरचा दरवाजा उघडला. "तिघांची सुटका. जा. सावकाश जा, कोणी पळायचं नाही."

तिघं उजेडात जाऊन उभे राहिले. चालत गेले, कारण पळायची कोणाची छाती झाली नाही. मागे आतल्या दरवाजाची वरची बिजागरी तुटली. पंचवीस सेकंद.

साहेब मधल्या जागेत एकटे होते. चौथा कागद त्यांनी उघडून टेबलावर ठेवला होता.

"बाबा, या ना," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज आता डॉक्टरचा राहिला नव्हता.

"येतो गं. पण स्वतःची ओळख स्वतः पटवता येत नाही. अधिकारी दुसरा लागतो."

वीस सेकंद.

"मी आहे की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी टीव्हीवरची नजर काढून टेबलाकडे वळवली. "चौथा. ओळखखूण?"

साहेबांना पटकन सुचेना. चौतीस वर्षं लोकांचे तीळ नि व्रण लिहून घेतले, आपलं काय आहे हे कधी बघितलं नव्हतं. हात आपसूक कमरेला गेला.

"उजव्या कमरेला वण," ते म्हणाले. "किल्ल्यांच्या जुडग्याचा."

"जुळतंय," सासूबाई म्हणाल्या. "सुटलात. या बाहेर."

दहा सेकंद होते. साहेबांनी जुडगं मधल्या जागेतल्या खिळ्याला टांगलं, कारण सरकारी वस्तू बाहेर न्यायची नसते. मग ते चालत बाहेर आले. आतला दरवाजा कोसळल्याचा आवाज आला तेव्हा ते तिघांच्या शेजारी येऊन ओळीत उभे राहिले होते, आणि घड्याळात दोन सेकंद होते.

"गिनती," साहेब म्हणाले.

एक, दोन, तीन असं कोणी म्हणायच्या आत पडद्यावर सोनेरी चषक वाजत-गाजत आला. सूनबाई काही ओरडली वगैरे नाही. ती सोफ्याच्या हातावर बसली आणि म्हणाली, "मिळाला रे."

"दिसला," बोटवाला म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, माझी बॅग भरायची राहिलीय." आणि मग कोणीच बराच वेळ यंत्र बंद केलं नाही.

चिरंजीवांनी उठून एका हाताने चहा टाकला. दहा मिनिटं उशिरा मागचं दार लावायला गेलेल्या साहेबांनी ते दोनदा ओढलं की नाही, हे कोणी बघितलं नाही. परत येताना ते मानपत्रासमोर थांबले. वाक्य वाचलं. अजून खरं होतं. पलायन झालं नव्हतं, चार सुटका झाल्या होत्या, चारही सशिक्का. त्यांनी चौथा कागद घडी करून चौकटीच्या मागे खोचला. लग्नाचा फोटो मात्र बोळातच राहिला. एका रविवारात माणसाने किती सुधारायचं.

सोमवारी संध्याकाळी पावणेसहाला साहेब हॉलच्या मधोमध उभे राहून माणसं मोजत होते, तेवढ्यात सूनबाईच्या फोनवर निरोप आला. तिने वाचून दाखवला. 'जहाज सुटलं. काकांना विचार, गिनती जुळली का?'

साहेबांनी घरात बघितलं. आपण, बायको, मुलगा, सून.

"पाच," ते म्हणाले.

"चारच आहोत, बाबा."

"बाहेरच्या कामावर पाठवलेला माणूस हजरच धरतात. नियम आहे." ते खुर्चीत बसले. "कळव त्याला. पाच, ठीक. आणि चहा टाका."